अर्वाचीन इतिहासाची साधने कशी वाचावीत

शिवकालाचा अभ्यास करणाऱ्यास एखादे अस्सल पत्र हाती लागावे म्हणून जुन्या वाड्यांचे माळे वर्षानुवर्षे धुंडाळावे लागतात. अव्वल इंग्रजीपासून पुढच्या काळाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याची अडचण नेमकी याच्या उलट असते. १८१८ नंतर आपल्याकडे जो राज्यकारभार सुरू झाला, तो कागदावर चालणारा कारभार होता. मामलेदाराने कलेक्टरास, कलेक्टराने कमिशनरास, कमिशनरने मुंबई सरकारास, मुंबई सरकारने कलकत्त्यास आणि कलकत्त्याने लंडनला प्रत्येक गोष्टीचा जाब द्यावयाचा, आणि प्रत्येक पायरीवर नक्कल ठेवावयाची, अशी त्याची रीत होती. परिणामी या काळाची साधने इतकी विपुल आहेत, की एका जिल्ह्याच्या एका दशकाचे कागद वाचण्यास एक आयुष्य पुरू नये. परंतु या विपुलतेतच नवशिक्या अभ्यासकाचा घात होण्याचा संभव असतो. कारण ज्याने लिहून ठेवले त्याचा आवाज मोठा, आणि ज्याच्याविषयी लिहून ठेवले त्याचा आवाज क्षीण, अशी या साग्र संग्रहाची घडण आहे. आणि जो आवाज शंभर ठिकाणी ऐकू येतो तोच खरा, असा भ्रम होण्यास फारसा वेळ लागत नाही.

म्हणून प्रस्तुत लेखात साधनांची नुसती यादी देण्यापेक्षा, एकच प्रसंग समोर ठेवून निरनिराळी साधने त्याविषयी काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि का सांगत नाहीत, हे दाखविण्याचा हेतू आहे. त्यासाठी १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध झालेले शेतकऱ्यांचे दंगे निवडले आहेत. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे या गावी त्यांचा आरंभ झाला. जमावाने सावकारांच्या वह्या व कर्जरोखे मागून घेतले आणि जाळून टाकले. काही ठिकाणी धान्य लुटले गेले, घरांना आगी लावल्या गेल्या. ही लाट पुढे आसपासच्या अनेक गावांत पसरली. प्रसंग आटोपशीर आहे, त्याची साधने बहुतांशी महाराष्ट्रातच उपलब्ध आहेत, आणि त्याविषयी विद्वानांत आजही मतभेद आहे. अभ्यासाचा पहिला धडा म्हणून याहून सोयीचे उदाहरण सापडणे कठीण.

प्रश्न आधी, दप्तर मागाहून

दप्तरखान्याची पायरी चढण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. ‘दख्खनचे दंगे’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘इंदापूर व भीमथडी तालुक्यांत १८६७ नंतर झालेली सारावाढ आणि १८७५ चा दंगा यांत कार्यकारणसंबंध होता काय,’ हा प्रश्न झाला. असा प्रश्न हाती असला म्हणजे कोणत्या खात्याचे, कोणत्या वर्षांचे आणि कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याचे कागद मागावयाचे, हे आपोआप ठरते. तो नसला म्हणजे मनुष्य कागदांचे रुमालामागून रुमाल सोडीत बसतो आणि अखेरीस मनोरंजक उताऱ्यांची एक वही तेवढी घेऊन घरी परततो.

प्रश्न ठरविण्यासाठी आधीच्या अभ्यासकांचे लेखन अवश्य वाचावे, पण ते दोन परस्परविरोधी मतांचे वाचावे. प्रस्तुत प्रसंगाविषयी रविंदर कुमार यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दंग्यांना पश्चिम हिंदुस्थानच्या ग्रामीण समाजातील मोठ्या स्थित्यंतराचे निदर्शक मानले आहे. तर नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली लिहिलेल्या निबंधात या दंग्यांचे महत्त्व अवाजवी फुगविले गेल्याचे प्रतिपादन केले आहे. उभयतांनी पाहिलेले कागद पुष्कळसे एकच आहेत. एकाच कागदांतून असे दोन निष्कर्ष कसे निघाले, याचा शोध घेताना वाचकास साधनांचे जे शिक्षण मिळते, ते कोणत्याही मार्गदर्शिकेतून मिळणार नाही.

सरकारी दप्तर

महाराष्ट्रातील अभ्यासकाने प्रारंभ मुंबईच्या पुराभिलेखागारापासून करावा. काळा घोडा परिसरातील एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या या संग्रहाचा उगम १८२१ साली स्थापन झालेल्या सरकारी दप्तरखान्यात आहे. येथील कागद खात्यांप्रमाणे व वर्षांप्रमाणे लावलेले आहेत; त्यामुळे दंग्यासारख्या प्रसंगासाठी न्याय खात्याचे १८७५ व १८७६ चे खंड जसे पाहावे, तसेच मुलकी खात्याचे त्या आधीच्या दहा वर्षांचेही पाहावे. न्याय खात्यात आग लागल्याची बातमी सापडते; ती का लागली याचा माग बहुधा मुलकी खात्यात असतो. एकाच खात्यावर विसंबणारा अभ्यासक दंग्याकडे नकळत पोलिसाच्या नजरेने पाहू लागतो.

पुण्याचे पेशवे दप्तर सर्वांना परिचित आहे, ते गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिलेल्या ४५ निवडक खंडांमुळे. परंतु ते केवळ पेशवाईच्या अभ्यासकांचे क्षेत्र आहे अशी समजूत करून घेऊ नये. इनाम कमिशनच्या कामासाठी जमविलेले कागद, इनामांच्या चौकश्या आणि गावोगावची हिशेबी कागदपत्रे यांमुळे एकोणिसाव्या शतकातील ग्रामव्यवस्था समजण्यास ते अपरिहार्य आहे. कोल्हापूरकडच्या संस्थानी कारभारासाठी तेथील पुराभिलेखागार पाहावे लागते. गोमंतकाच्या अभ्यासकास तर पणजीचा संग्रह हा मोठाच ठेवा आहे. १५९५ साली दियोगु दु कौतु या इतिहासकाराकडे ज्याची व्यवस्था सोपविली गेली, अशा त्या दप्तराची परंपरा आशियातील सर्वांत जुन्या दप्तरांत गणली जाते.

अखिल भारतीय स्वरूपाच्या प्रश्नांसाठी दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यास स्थापन झालेले हे खाते राजधानीबरोबर पुढे दिल्लीस आले. त्याच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळामुळे आज पुष्कळशा कागदांच्या सूची, आणि कित्येक कागदांच्या प्रतिमाही, घरबसल्या पाहता येतात. इंडिया ऑफिसचे दप्तर १९८२ पासून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीकडे आहे. जे कागद मुंबईत जीर्ण झाले वा नष्ट झाले, त्यांची नक्कल तेथे सुरक्षित असण्याचा संभव ध्यानात ठेवावा. ज्यांना प्रवास शक्य नाही त्यांनी मुद्रित साधनांपासून आरंभ करावा: मुंबई सरकारने १९५७ व १९५८ साली आपल्या दप्तरांतून निवडून छापलेले स्वातंत्र्यचळवळीच्या साधनांचे पहिले दोन खंड, सत्तांतराच्या कागदपत्रांचे निकोलस मॅन्सर यांच्या देखरेखीखाली निघालेले बारा खंड, आणि ९ डिसेंबर १९४६ पासून चाललेल्या संविधानसभेच्या चर्चांचे वृत्तांत कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात मिळू शकतात. मात्र निवडक कागदांचा खंड वाचताना निवड कोणी केली आणि कोणत्या प्रश्नाच्या अनुरोधाने केली, हे प्रस्तावनेवरून आधी जाणून घ्यावे. सत्तांतराचे खंड हे मुख्यतः लंडन व दिल्ली येथील सत्ताधीशांमधील व्यवहाराचे दर्शन घडवितात. त्यांत काँग्रेस, लीग किंवा संस्थानी प्रजेच्या अंतर्गत विचारविनिमयाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

स्वातंत्र्योत्तर काळाचा अभ्यास करणाऱ्यांनी दोन कायदे लक्षात ठेवावेत. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने केंद्र सरकारच्या कागदांचे जतन व पंचवीस वर्षांनंतरचे हस्तांतरण यांची व्यवस्था लावून दिली आहे. आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, काही मोजके अपवाद वगळता, मागता येते. अर्ज करताना कागदाचे खाते, वर्ष आणि विषय जितक्या नेमकेपणाने नमूद करावा, तितके उत्तर सत्वर व उपयुक्त मिळते.

चौकशीचे अहवाल

१८७५ च्या दंग्यांवर जे कमिशन नेमले गेले, त्याचा अहवाल हे या विषयाचे सर्वांत प्रसिद्ध साधन. मुंबई सरकारास प्रथम या चौकशीचा उत्साह नव्हता. सत्तावनचे स्मरण ताजे असलेल्या हिंदुस्थान सरकारच्या दडपणामुळे ती झाली, आणि १८७८ साली अहवाल ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. कमिशनने रयतेच्या, सावकारांच्या आणि प्रत्यक्षदर्शींच्या जबान्या घेतल्या, निरनिराळ्या भागांतील सारा, बाजारभाव व व्याजाचे दर यांची कोष्टके केली. अशा अहवालाचे परिशिष्टासह वाचन केले पाहिजे. कारण मुख्य अहवालात सरकारचा निष्कर्ष असतो, तर परिशिष्टात त्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाणारा पुरावाही पुष्कळदा तसाच पडून राहिलेला असतो.

कमिशनचा एकंदर रोख असा, की दोष सावकारी व्यवहाराचा आहे, सरकारी साऱ्याचा नव्हे. हा निष्कर्ष खोटाच आहे असे म्हणण्याचे कारण नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी रोखे नवे करून घेण्याची प्रथा, अमेरिकेतील यादवी संपल्यावर १८६५ पासून कोसळलेले कापसाचे भाव, आणि सावकारांनी आखडता घेतलेला हात, ही सर्व कारणे खरीच होती. परंतु आपल्याच साऱ्याच्या वाजवीपणाचा न्याय करावयास बसलेले सरकार हे त्या प्रश्नापुरते पक्षकार असते, हे वाचकाने विसरू नये. कमिशनचे सभासद ऑक्लंड कॉल्व्हिन यांनी आपले स्वतंत्र टिपण लिहून साराआकारणीच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची. बहुमताच्या अहवालापेक्षा असे भिन्नमताचे टिपण अभ्यासकास अधिक काही शिकवून जाते.

कमिशनांच्या साक्षींचे खंड हे एरवी ज्यांचा शब्द सरकारी दप्तरात उमटत नाही, अशांचे म्हणणे ऐकण्याचेही स्थान आहे. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुले यांनी सादर केलेले निवेदन, अथवा १९१९ साली साउथबरो समितीपुढे झालेली डॉ. आंबेडकरांची साक्ष, ही याची थोर उदाहरणे होत. त्यांतही प्रश्न कोणी विचारले आणि कोणते विचारलेच नाहीत, इकडे दृष्टी असू द्यावी.

खानेसुमारी आणि गॅझेटियर यांविषयी थोडक्यात सांगतो. मुंबई इलाख्याची पहिली व्यवस्थित खानेसुमारी १८७२ ची, आणि सबंध देशात एकाच वेळी झालेली पहिली १८८१ ची. या दोहोंतील आकड्यांची तुलना करताना मोजण्याची पद्धत व जातींचे वर्गीकरण बदलले होते काय, हे तपासल्यावाचून एकही टक्केवारी काढू नये. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालील मुंबई इलाख्याचे गॅझेटियर हे अत्यंत परिश्रमाचे काम आहे, आणि पुणे जिल्ह्याचा १८८५ चा खंड या विषयाच्या अभ्यासकाने जवळ बाळगावा. पण त्यातील जातिवर्णने अधिकाऱ्यांच्या पूर्वग्रहांतून गाळून आलेली आहेत, त्यांना लोकस्वभावाचे प्रमाण मानू नये.

वृत्तपत्रांचा मार्ग

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, तेव्हापासून मराठी माणूस आपल्या काळाविषयी आपल्या भाषेत छापू लागला. ‘प्रभाकर’, ‘ज्ञानोदय’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘इंदुप्रकाश’, ‘दीनबंधु’, ‘केसरी’, ‘सुधारक’, ‘मूकनायक’ ही नावे नुसती पाठ असून भागत नाही. कोणाचे भांडवल, कोणता वाचकवर्ग आणि कोणता पक्ष, हे प्रत्येकाविषयी ठाऊक असले पाहिजे. ‘केसरी’ १८८१ चा, तेव्हा १८७५ च्या दंग्यांसाठी तो समकालीन साधन ठरत नाही. १८४९ पासून पुण्यात निघणारे ‘ज्ञानप्रकाश’ ठरते. ही साधी दक्षता न घेतल्यामुळे नंतरचे मत आधीच्या घटनेवर लादले जाते.

येथे एका धोक्याची सूचना देणे कर्तव्य आहे. सरकारचा भाषांतरकार देशी पत्रांतील उतारे इंग्रजीत करून दर आठवड्यास सरकारास सादर करी. ते साप्ताहिक अहवाल आज सहज मिळतात आणि सूचीबद्ध आहेत, म्हणून पुष्कळ अभ्यासक मूळ अंक न पाहता त्यांवरच भिस्त ठेवतात. परंतु तो भाषांतरकार सरकारास जे जाणून घ्यावयाचे होते तेच वेचीत होता. राजद्रोहाचा वास येणारे वाक्य त्यात येई. पाऊस, बाजारभाव, गावकीचे तंटे आणि वाचकांची पत्रे गळून जात, आणि शेतकऱ्याच्या इतिहासासाठी हीच सामग्री मोलाची असते. म्हणून या अहवालांचा उपयोग मूळ अंकाची तारीख शोधण्यापुरता करावा आणि अंक मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, केसरीवाड्यातील संग्रह किंवा एशियाटिक सोसायटी यांसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष पाहावा. मूळ अंक उपलब्धच नसेल, तर आपण भाषांतरावरून लिहीत आहोत हे वाचकास स्पष्ट सांगावे.

वृत्तपत्रांच्या जोडीने संस्थांची प्रकाशने पाहावीत. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने दंग्यांच्या आधीच दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी आरंभिली होती. १८७८ पासून तिचे त्रैमासिकही निघू लागले. सभेने साऱ्याच्या वाढीवर जो प्रहार केला, तो कमिशनच्या निष्कर्षासमोर ठेवून वाचावा. आणि या दोहोंसमोर महात्मा फुले यांचा १८८३ चा ‘शेतकऱ्याचा असूड’ ठेवावा, ज्यात सरकारी अंमलदार, भटकामगार आणि सावकार या तिघांच्याही कात्रीत सापडलेल्या शूद्र शेतकऱ्याची बाजू मांडलेली आहे. सभेचे सभासद आणि फुले यांच्या दृष्टींत जे अंतर आहे, ते लक्षात आले म्हणजे ‘एतद्देशीयांचे मत’ असे एकच मत मानण्याची चूक आपोआप टळते.

आठवणी, खाजगी कागद आणि तोंडी पुरावा

आत्मचरित्रे वाचताना लिहिण्याचा काळ आणि घडण्याचा काळ यांतील अंतर मोजावे, आणि हाती असलेली प्रत कोणाच्या हातून गेली आहे, तेही पाहावे. विष्णुभट गोडसे यांनी सत्तावनच्या धामधुमीत पाहिलेली हकीकत पुष्कळ वर्षांनी लिहिली. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी ती फेरफार करून ‘माझा प्रवास’ या नावाने छापली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. तेव्हा १९०७ च्या प्रतीतील वाक्य गोडसेभटजींचे म्हणून उद्धृत करण्यापूर्वी ते १९६६ च्या प्रतीत ताडून पाहणे अगत्याचे. हाच नियम थोर पुरुषांच्या समग्र वाङ्मयास लागू करावा. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाची मूळ शंभर खंडांची आवृत्ती आणि पुढे काढलेली सुधारित आवृत्ती यांत क्रम व मजकूर यांचे भेद होते, आणि आक्षेपांनंतर ती सुधारित आवृत्ती मागे घ्यावी लागली. म्हणून उतारा देताना आवृत्तीचा उल्लेख टाळू नये.

स्त्रियांचा इतिहास शोधणाऱ्यास सरकारी दप्तर विशेष निराश करते. तेथे ताराबाई शिंदे यांचा १८८२ चा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध, रमाबाई रानडे यांच्या आठवणी, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि रखमाबाईंच्या खटल्याची न्यायालयीन व वृत्तपत्रीय कागदपत्रे यांकडे वळावे लागते.

तोंडी पुराव्याचा प्रश्न आता तातडीचा झाला आहे. १९४२ नंतरच्या साताऱ्याच्या प्रतिसरकारात ज्यांनी भाग घेतला, त्या पिढीतील फार थोडी माणसे राहिली आहेत. पोलिसांच्या नोंदीत जो प्रसंग केवळ गुन्हा म्हणून येतो, त्यातील गावकऱ्यांचा सहभाग, न्यायनिवाड्याची पद्धत, भाकरी पोहोचविणाऱ्या बायकांचे साहस यांची माहिती आठवणींतूनच मिळावयाची. सांगणाऱ्यास मध्येच दुरुस्त करू नये. तारखा विचारण्यापेक्षा ‘तेव्हा शेतात काय उभे होते’, ‘कोणती यात्रा जवळ होती’ असे विचारावे. मुलाखतीची तारीख, स्थळ आणि सांगणाऱ्याची संमती यांची लेखी नोंद ठेवावी. आणि आठवणीतील प्रत्येक गोष्ट कागदाशी ताडून पाहावी, तसाच कागदही आठवणीशी ताडून पाहावा.

मोडी, कालगणना आणि टिपणवही

गावपातळीवरचा एकोणिसाव्या शतकातील बहुतेक मजकूर मोडीत आहे. जो मोडी वाचू शकत नाही, त्यास रयतेचा रोखा कधीच वाचता येत नाही, रोख्याविषयी इंग्रज अधिकाऱ्याने काय लिहिले एवढेच वाचता येते. पुराभिलेख संचालनालय व निरनिराळ्या संशोधन संस्था मोडीचे वर्ग चालवितात. नियमित सराव केल्यास काही महिन्यांत सोप्या वळणाचा मोडी कागद लावता येऊ लागतो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात, ज्याची स्थापना १९१० साली वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी केली, मोडी जाणणाऱ्यांचा सहवासही लाभतो.

तारखांचे गणितही पक्के असावे. शालिवाहन शकात ७८, आणि पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या जानेवारीनंतरच्या दिवसांसाठी ७९ मिळवावेत. दक्षिणेतील फसली सनात ५९० वा ५९१, आणि अरबी शब्दांनी लिहिल्या जाणाऱ्या सुहूर सनात ५९९ वा ६०० मिळवावेत. ही दोन्ही वर्षे मृगाच्या सुमारास पालटतात. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर ११७५, अर्थात इसवी १७७४ च्या मृगापासून १७७५ च्या मृगापर्यंतचा काळ. सुप्याचा दंगा मे महिन्यातील, म्हणून तो फसली १२८४ मध्ये पडतो. त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतरच्या नोंदी १२८५ मध्ये शोधाव्या लागतात.

गावातील तलाठ्याच्या व तहसिलीच्या दप्तरांत फेरफार, आकारबंद, हक्कनोंदणीची पत्रके आणि सातबारा यांतून जमिनीचे हस्तांतर पिढ्यानुपिढ्या शोधता येते. हक्कनोंदणी मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली, हे ध्यानात घेऊन त्यापूर्वीच्या काळासाठी जमाबंदीचे अहवाल आणि घराण्यांतील खाजगी कागद यांचा आधार घ्यावा.

टिपण घेताना पृष्ठाच्या माथ्यावर संग्रहाचे नाव, खाते, वर्ष, खंड, फाइल व पृष्ठांक ही सर्व माहिती मजकुराच्या आधी लिहावी. मूळ शब्द अवतरणचिन्हांत आणि स्वतःचे मत निराळ्या शाईत किंवा निराळ्या रकान्यात ठेवावे. रुमाल ज्या क्रमाने बांधलेला मिळाला त्याच क्रमाने बांधून परत करावा. कारण कागदांचा क्रम हाही एक पुरावा असतो, आणि तो मोडला तर पुढच्या अभ्यासकाचे कायमचे नुकसान होते.

निर्णय कसा द्यावा

साधन म्हणजे साक्षीदार. त्याची जबानी घेण्यापूर्वी तो कोण, कोणाच्या पदरचा, त्याने प्रसंग स्वतः पाहिला की ऐकला, आणि अमुक सांगण्यात त्याचा काही लाभ होता काय, हे विचारलेच पाहिजे. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असले, तरी दुसऱ्याने ती पहिल्याकडूनच ऐकली नाही ना, याची खात्री करावी. कलेक्टर, कमिशनर व गॅझेटियर या तिघांचे एकमत पुष्कळदा एकाच मामलेदाराच्या अहवालापाशी जाऊन थांबते.

आणि जे कागद नाहीत त्यांचाही विचार करावा. १८७५ साली दंगेखोरांनी मुख्यतः कागद जाळले. ज्या रोख्यांवरून रयतेचे कर्ज, व्याज आणि गहाणाच्या अटी आज आपणांस कळल्या असत्या, तेच त्या दिवशी नष्ट झाले. आणि जे वाचले ते जेथे दंगा झाला नाही तेथील असण्याचा संभव अधिक. तेव्हा उरलेल्या रोख्यांची सरासरी काढून ती सर्व तालुक्याची म्हणून मांडणे सयुक्तिक होणार नाही. शिवाय ज्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्यांनी नेमके कागदावरच हात टाकावा, यावरून लेखी दस्तऐवजाची सत्ता त्यांना किती नेमकेपणाने उमगली होती, हेही सिद्ध होते. जबानी न देताही दिलेली ही त्यांची साक्ष आहे.

म्हणून आपले निष्कर्ष लिहिताना त्यांचे तीन वर्ग करावेत: कोणते विधान परस्परांशी संबंध नसलेल्या साधनांनी सिद्ध झाले, कोणते केवळ संभाव्य आहे, आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर आज उपलब्ध पुराव्यावरून देता येत नाही. सुप्यात रोखे जाळले गेले, हे पहिल्या वर्गात जाईल. सारावाढीने कर्जाची अडचण तीव्र केली, हे तालुक्यागणिक तपासून बहुधा दुसऱ्या वर्गात ठेवावे लागेल. आणि जमावातील एखाद्या कुणब्याच्या मनात त्या दिवशी सरकारविषयी काय भावना होती, हे तिसऱ्या वर्गातच राहील. एवढी शिस्त पाळून एका तालुक्याचा, एका दशकाचा, एका प्रश्नाचा अभ्यास जो कोणी पुरा करील, त्याने या देशाच्या अर्वाचीन इतिहासात एक भरवशाची नोंद केली असे होईल. आणि अशा नोंदी गावोगावच्या अभ्यासकांनी केल्यावाचून कोट्यवधी रयतेचा इतिहास लिहिला जाणार नाही.